बारा व्होल्टचा राखणदार

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं माझ्या सासूबाई माझ्याशी फार बोलत नसत. मी अर्नाळ्याला गेलो की "आलात काय", पान मांडलं की "जेवन वाढू काय", आणि चपला घातल्या की "निगालात काय". मधल्या वेळात त्या कामात असत आणि मी पडवीत खुर्चीवर जावई म्हणून बसलेला असे. मी साताऱ्याकडच्या माणसांचा मुलगा, वाढलो विरारला फुलपाड्यात आणि आता बायकोबरोबर वसईला एव्हरशाईन सिटीत राहतो. बायको अर्नाळ्याची. तिची आई सुकी मासळी करते. माझ्याशी काय बोलायचं हे सासूबाईंना कळत नसे, आणि मलाही सुचत नसे.

माझं काम काय, हेही त्यांना नीट सांगता आलं नव्हतं. मी वसई पूर्वेला एका लहान कंपनीत आहे. गोदामात सामान वाहून नेणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या छोट्या गाड्या आम्ही बनवतो आणि त्यांच्या आतल्या चिपसाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. हे मी एकदा त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढे नात्यातल्या एका बाईंना सांगितलं, "जावय गोदामात असतात." बायको शेजारीच उभी होती. तिने दुरुस्ती केली नाही.

एका दिवाळीत जेवताना सासूबाई कावळ्यांबद्दल तक्रार करत होत्या. त्यांच्या घरामागे वाळवणाची मोठी जागा आहे. एका बाजूला बांबूंवर बोंबील टांगतात आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवर जाळी अंथरून जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरतात. जवळ्याची राखण करायला कोणीतरी काठी घेऊन उन्हात बसावं लागतं. पाठ वळली की कावळे उतरतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे उठायच्या आत कावळा चोच भरून गेलेला असतो.

"त्यासाठी रोबो करता येईल," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. घरातला गळका नळ मी तेव्हा बरेच दिवस दुरुस्त करणार होतो.

"काय करता येल?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडी. आपोआप फिरणारी. कावळा दिसला की त्याच्या अंगावर जाईल."

"आनि जवल्यावर चडली तर?"

हा त्यांनी मला विचारलेला पहिला खरा प्रश्न. मला फार बरं वाटलं. मी ताटातल्या भातावर बोटाने आकृती काढून दाखवली. पडवीपासून वाळवणाच्या टोकापर्यंत सिमेंटची पायवाट होतीच. तिच्यावर मी एक पांढरा पट्टा रंगवणार होतो. गाडी त्या पट्ट्यावरूनच जाणार आणि येणार. जवळ्याच्या बाजूला हालचाल दिसली की तिथवर धावत जायचं, वर बांधलेल्या लाल चिंध्या गरगर फिरवायच्या, हॉर्न वाजवायचा. बॅटरी उतरायला आली की पडवीत परत येऊन चार्जरला टेकून उभं राहायचं.

"बॅटरी उतारली ते तिला कसं कलनार?" सासूबाई म्हणाल्या.

"ते मी लिहीन," मी म्हणालो. रोज हेच तर करतो, असं मला वाटलं होतं.

पुढचे काही रविवार आमचा हॉल कारखाना झाला. कंपनीत टाकून दिलेली चाकं आणि मोटर मी विचारून घरी आणल्या. हॉर्न जुन्या स्कूटरचा. बायकोने चिंध्या शिवून दिल्या, लाल कापडाच्या, कडेला सोनेरी काठ असलेल्या. कावळ्यांना काठ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आईच्या दारात उभी राहणार आहे ना गाडी."

बॅटरीचा भाग सोपा होता, म्हणजे कागदावर. बॅटरी पूर्ण भरली की साडेबारा व्होल्टच्या जरा वर असते. चिपला इतकं सोसत नाही, म्हणून दोन रोधक, म्हणजे रेझिस्टर, लावून तिचा चौथा हिस्सा चिपच्या एका पायावर आणायचा. चिप तो मोजते आणि शून्य ते चार हजार पंच्याण्णव यांमधला एक आकडा देते. त्या आकड्यावरून आपण हिशोब उलटा करून व्होल्ट काढायचे. दहा पॉइंट आठच्या खाली गेले की घरी जा. सगळं मिळून दहा-बारा ओळी. हॉलमध्ये गाडी भिंतीतल्या विजेवर, अडॅप्टर लावून चालत होती, त्यामुळे बॅटरीची तपासणी मी तेवढी बंद ठेवली होती. अर्नाळ्याला निघायच्या आधी ती चालू केली.

तिथे पोचलो तर पडवीत रांगोळी होती. सासूबाईंनी नवी होडी पाण्यात सोडताना करतात तशी तयारी केली होती. गाडीला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, समोर नारळ फुटला. चुलत सासूबाई, म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ, आणि वाळवणावर काम करणाऱ्या चार बायका हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं.

गाडी हलली नाही.

मी पुन्हा दाबलं. तिच्यावरचा दिवा लागला, आणि गाडी शांतपणे मागे सरकून चार्जरला टेकली.

"हार नाकावर आलाय तिच्या," चुलत सासूबाई म्हणाल्या. हार काढला. फरक पडला नाही. नारळाचं पाणी आत गेलं असेल अशी एकीला शंका आली, म्हणून गाडी पुसली. एक बाई म्हणाली, तोंड दक्षिणेला आहे. गाडीचं तोंड फिरवलं. ती वळून पुन्हा चार्जरला टेकली.

"हिला भाएर जायाचंच नाय," सासूबाईंनी निदान केलं.

मी लॅपटॉप उघडून पडवीत मांडी घातली. गाडीच्या मते तिची बॅटरी शून्य व्होल्ट होती. कारण असं की चिपने दिलेला आकडा मी आधी चार हजार पंच्याण्णवने भागत होतो आणि मग गुणत होतो. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केला की पॉइंटनंतरचं सगळं टाकून देतात. तीन हजारांना चार हजारांनी भागलं, उत्तर शून्य. शून्याला पुढे कितीही गुणा. ही चूक मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात समजावून सांगतो, फळ्यावर, लाल खडूने.

"सापडलं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. आधी गुणायचं होतं, मी आधी भागलं."

त्यांनी थोडा विचार केला. "गोदामातबी असंच करता काय?"

बायको आत निघून गेली. तिचं हसणं स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

ओळ बदलली आणि गाडी निघाली. कावळ्यांनी असं काही आजवर पाहिलेलं नव्हतं. चिंध्या फिरल्या, हॉर्न वाजला, आणि सगळे एकदम उडून माडांवर जाऊन बसले. तिथून त्यांनी बराच वेळ ओरडून घेतलं. सासूबाई खाटेवर बसून चहा प्यायल्या. राखणीच्या वेळी बसून चहा पिण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग असावा, कारण कप रिकामा झाल्यावर त्याचं पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

दुपारपर्यंत सगळं छान होतं. मग गाडी विचित्र वागायला लागली. कावळा उतरला की ती निघे, दोन पावलं जाई, थांबे आणि वळून घरी येई. पडवीत टेकली की लगेच पुन्हा निघे. दोन पावलं जाई, पुन्हा घरी. कावळ्यांनी हे माडावरून नीट पाहिलं. थोड्या वेळाने एक खाली उतरला आणि पट्ट्याच्या अगदी शेजारी उभा राहिला. गाडी त्याच्याकडे निघाली, तो जागचा हलला नाही, आणि गाडीच परत फिरली.

"नव्या नवरीसारकी काय करते?" चुलत सासूबाई म्हणाल्या. "आत-भाएर, आत-भाएर."

"लाजते," दुसरी म्हणाली.

"भिते," तिसरी म्हणाली.

सासूबाई काठी घेऊन उठल्या. ते मला जास्त लागलं.

यामागचं कारण शोधायला मला पुढचा रविवार लागला. मोटर सुरू होते तेव्हा ती एकदम पुष्कळ वीज ओढते आणि बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. बॅटरी भरलेली असताना ते कळत नाही. अर्धी झाली की तो क्षणभराचा खड्डा दहा पॉइंट आठच्या खाली जातो. माझा प्रोग्राम नेमका तेव्हाच मोजत होता. बॅटरी संपली, असं म्हणून गाडी परत येई. उभी राहिली की व्होल्टेज पुन्हा वर चढे. बॅटरी आहे की, म्हणून निघे. तिची काही चूक नव्हती. दर वेळी ती माझी आज्ञा तंतोतंत पाळत होती.

मी दोन बदल केले. एकदाच मोजून विश्वास ठेवायचा नाही. बऱ्याच वेळा मोजायचं, सरासरी घ्यायची, आणि ती काही सेकंद सलग कमी राहिली तरच परत यायचं. आणि एकदा परत आलं की नुसतं दहा पॉइंट आठच्या वर गेलं म्हणून निघायचं नाही. बारापर्यंत चार्ज झाल्याशिवाय पडवी सोडायची नाही. शिवाय गाडीच्या पाठीवर मी आकडे दाखवणारी एक छोटी पट्टी बसवली, म्हणजे व्होल्टेज सगळ्यांना दिसेल.

ही पट्टी बसवताना तिचे परिणाम माझ्या लक्षात आले नव्हते.

सोमवारी कंपनीत मीटिंग चालू होती. फोन वाजला. सासूबाई. त्या मला कधीच फोन करत नसत, म्हणून मी घाबरून बाहेर आलो.

"काय झालं?"

"अकरा पॉइंट पाच."

"बरं," मी म्हणालो.

"बरं म्हनजे? चांगलं काय वाईट?"

"चांगलं. अजून बरीच आहे."

"मंग टेवते."

दुपारी पुन्हा फोन आला. अकरा पॉइंट एक. मग दहा पॉइंट नऊ, आवाजात थोडी काळजी. मग, "गेली बगा घरी. आपली आपन गेली." त्या आवाजात मी आजवर न ऐकलेलं काहीतरी होतं. रात्री बायकोने दिवसभराचे कॉल पाहिले आणि म्हणाली, "मला ती आठवड्यातून एकदा फोन करते. तेही मीच आधी केला तर."

हे फोन मग रोजचे झाले. हळूहळू त्यात इतर मजकूरही यायला लागला. अकरा पॉइंट चार, आणि वारा पडलाय. अकरा पॉइंट दोन, आणि जावेचं पोट दुखतंय, डॉक्टरकडे नेते. बारा, आणि बोंबील चांगले आलेत, न्यायला या. ऑफिसातला शेजारचा सहकारी मला एकदा म्हणाला, "तुझी सासू शेअर बाजारात आहे का रे? सारखे आकडे सांगत असते."

दोन-तीन महिने गाडी उत्तम चालली. मग भावकीत एक हळद आली. रविवार होता, आम्हीही गेलो होतो. एरवी अशा वेळी सासूबाई वाळवणावर कोणाला तरी बसवून जात. त्या दिवशी जवळा बराच पसरलेला होता आणि बसायला कोणी तयार नव्हतं, कारण हळदीत बँड होता.

"गाडी आहे ना," मी म्हणालो. "खुशाल चला. मी जबाबदार."

"नक्की?"

"पट्टी बघा की."

त्यांनी वाकून पट्टी पाहिली. तेरा पॉइंट दोन. "आज लई भरलेली हाय," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि नवी साडी नेसायला गेल्या.

इथे मला काहीतरी कळायला हवं होतं. ती बॅटरी तेरा पॉइंट दोन होऊच शकत नाही. पण मी त्या वेळी कुर्त्याचं बटण लावत होतो.

हळदीत सासूबाईंनी मला ओळखीच्या माणसांसमोर उभं केलं आणि माझ्या गाडीबद्दल सांगितलं. मी जास्तच जेवलो. चुलत सासूबाई बँडवर नाचल्या. उन्हं कलल्यावर आम्ही रमतगमत परत आलो, आणि घराच्या कोपऱ्यावरूनच कावळ्यांचा आवाज ऐकू आला. भांडणाचा नव्हता. पंगतीचा होता.

गाडी पायवाटेच्या बरोबर मध्यावर बंद पडून उभी होती. सोनेरी काठाच्या चिंध्या लोंबत होत्या. तिच्या हॉर्नवर एक कावळा बसला होता, पाठीवर दोन, आणि पाठीवरचे ते दोघे आळीपाळीने खाली उतरून खाऊन पुन्हा येऊन बसत होते. जवळ्याच्या जाळीला जागोजागी टक्कल पडलं होतं. कडेला एक कुत्रा पोट भरून झोपला होता.

सासूबाईंनी काठी उचलली, कावळे हाकलले, कुत्रा हाकलला. मग माझ्याकडे वळल्या.

"काय बोल्ला होतास तू?" त्या म्हणाल्या. "जबाबदार बोल्ला होतास ना? कुटे हाय जबाबदारी? त्या कावल्याच्या पोटात? एवडा शिकलेला मानूस, एका गाडीला कलत नाय भूक लागलीय म्हनून, आनि तुलाबी कलत नाय? हस्तोस काय? कपडे बदल आदी. आनि झाडू घे."

मी कपडे बदलले आणि झाडू घेतला. उरलेला जवळा गोळा करताना बायको शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. ती चिडली की असंच बोलते. आम्हाला सगळ्यांना असंच बोलते."

"मला 'तू' म्हणाल्या," मी म्हणालो.

"हो ना. मी सांगते तिला."

"अजिबात सांगू नकोस," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मी इतका खूश होतो की झाडताना मला मान वर करता येत नव्हती. तिथली खुर्ची इतकी वर्षं माझ्यासाठी पुसून ठेवली जात होती. झाडू त्या दिवशी पहिल्यांदा हातात मिळाला.

संध्याकाळी गाडी उघडली. खाऱ्या हवेने दोन रोधकांपैकी खालच्याचा सोल्डरिंगचा टाका खाल्ला होता. तो सुटला की व्होल्टेजचा चौथा हिस्सा करायला कोणी उरत नाही आणि चिपला कायम जास्तीत जास्त आकडा दिसतो. बॅटरी उतरत होती, अगदी तळाला गेली, आणि गाडी शेवटपर्यंत समजत होती की आपण तुडुंब भरलेलो आहोत.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. राग ओसरला होता, पण 'तू' अजून तसाच होता.

"काय झालेलं?"

मी काळी पडलेली तार दाखवली. "ही तुटली. मग गाडीला वाटत राहिलं की पोट भरलेलं आहे."

"दिसभर?"

"दिवसभर."

"दिसभर धावतेय आनि पोट भरलेलंच?" त्या म्हणाल्या. "तिला संशव नाय आला?"

"संशय घ्यायला मी शिकवलं नव्हतं."

"मंग शिकव."

शिकवलं. भरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त आकडा आला, किंवा खूप वेळ धावूनही आकडा हललाच नाही, तर तो खोटा मानायचा, घरी यायचं आणि हॉर्न वाजवत राहायचं. टाके नव्याने घातले आणि त्यांच्यावर रबरासारखा लेप दिला. पुढच्या सोमवारी कंपनीतल्या गाड्यांचा प्रोग्राम उघडून पाहिला, तर तिथेही अशी तपासणी नव्हती. ती घातली. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की ही कल्पना कुठून सुचली. मी म्हणालो, प्रत्यक्ष वापरातल्या अनुभवातून. सासूबाईंना हे कळवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हनजे तुमच्या गोदामातबी कावले हायत?"

'तुमी' परत आलं होतं. पाहुण्यांसमोर आणि सणावाराला अजूनही 'तुमी'च असतं. 'तू' व्हायला गाडी बिघडावी लागते, आणि ती अर्नाळ्याच्या हवेत पुरेशा वेळा बिघडते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. गाडी फार लवकर घरी येते म्हणाल्या, आणि एकदा तर अर्ध्या वाटेतच थांबली. मी रविवारपर्यंत डोकं खाजवलं. नवी बॅटरी घेऊन गेलो, मोजमाप केलं, सगळं ठीक होतं.

"गाडीत काही बदल केला का?" मी विचारलं.

"नाय."

"नीट आठवा."

"काय नाय केला. जरा पानी टेवलं."

वाळवणाच्या टोकाला काम करणाऱ्या बायकांना सारखं पडवीपर्यंत यावं लागे, म्हणून सासूबाईंनी गाडीच्या पाठीवर दोरीने कळशी बांधली होती. भरलेली. कावळ्यामागे धावता धावता ती टोकाला गेली की बायका पाणी पिऊन घेत. चुलत सासूबाईंनी बाजूला पेलाही टांगला होता.

ही गाडी पाणी वाहायला बनवलेली नाही, हे मी सांगणार होतो. पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि एकीच्या हातात पेला होता. मी लॅपटॉप उघडला, दहा पॉइंट आठचे अकरा पॉइंट एक केले, म्हणजे ओझं घेऊन घरी पोचायला थोडी वीज शिल्लक राहील. आणि त्या ओळीशेजारी टीप लिहिली: कळशी भरलेली धरून.